आपल्या नाताळकथेतील चूल

डिसेंबर लागला की आपल्या समाजातील नियतकालिकांचे नाताळ विशेषांक घरोघर येऊ लागतात. फादर हेन्री डोरिंग यांनी १९०३ साली 'निरोप्या' सुरू केला, तेव्हापासून मोजले तरी मराठी कॅथलिक नियतकालिकांची परंपरा शंभर वर्षांहून अधिक जुनी आहे. या अंकांत नाताळकथेला मानाचे पान असते. आपण ती आवडीने वाचतो, मुलांना वाचावयास देतो, आणि पुष्कळदा शेजारच्या घरी अंक पाठविताना तिच्यावर खूणही करून ठेवतो. म्हणूनच तिच्याविषयी काहीसे परखड बोलणे आवश्यक आहे. जे साहित्य कुटुंबाच्या बैठकीत वाचले जाते, त्याच्याकडून कुटुंबाचे खरे चित्र मागण्याचा अधिकार वाचकाला असतो.

आपल्या सर्वसाधारण नाताळकथेतील घर क्षणभर डोळ्यांपुढे आणावे. बाहेर हाडे गोठविणारी थंडी असते. क्वचित आकाशातून बर्फाचे कण भुरभुरत असतात. घरात भिंतीतल्या शेकोटीत लाकडे तडतडत असतात. आई ओव्हनचे दार उघडते आणि केकचा दरवळ घरभर पसरतो. दाराशी एखादे अनाथ मूल कुडकुडत उभे असते, त्याला आत घेतले जाते आणि घंटानादात कथा संपते. कथेतील माणसांची नावे मराठी असतात, भाषाही शुद्ध मराठी असते. परंतु ते घर आपल्यापैकी कोणाचेही नसते. त्या घरातील आई कधी दमत नाही, तिला पीठ कमी पडत नाही, केक करपत नाही आणि त्याचे पैसे कोठून आले, हा प्रश्न तर कोणालाच पडत नाही.

या कथेची परीक्षा घ्यावयाची तर ती वाशीमसारख्या गावी घ्यावी. मराठी कॅथलिक साहित्याचे मोठे केंद्र वसई. तेथील लेखकांनी आपल्या वाड्या, विहिरी आणि सणाची ताटे यांचे चित्रण थोडेबहुत तरी केले आहे. वऱ्हाडातील आपली कुटुंबे संख्येने थोडी आणि पांगलेली. अमरावती धर्मप्रांत १९५५ साली स्थापन झाला, वाशीम जिल्हा तर अकोल्यातून १९९८ साली वेगळा झाला. येथील वाचकाच्या हाती विशेषांक पडतो तेव्हा त्यात एक तर वसईचा नाताळ असतो, नाही तर लंडनचा. वाशीमचा नाताळ त्याला स्वतःच्या घरात पाहावा लागतो. तो आहे तरी कसा?

या मुलखात हिवाळ्याचा रंग पिकांवरून ओळखावा. सोयाबीन दिवाळीच्या आगेमागे घरात येऊन बाजारात गेलेले असते. डिसेंबरात कापसाची वेचणी चालू असते आणि तूर शेंगांनी लदलेली असते. पहाटे गारठा चांगलाच झोंबतो, पण दुपारी अंगातले स्वेटर काढून ठेवावे लागते. ज्या घरातील बाई वेचणीला जाते ती उजाडताच बाहेर पडते आणि दिवे लागणीला परतते. आगमनकाळातील चार आठवडे नेमके याच धांदलीत येतात. म्हणजे करंज्यांचे सारण, शंकरपाळ्यांचे पीठ, चकल्यांची भाजणी ही सर्व कामे रात्रीची. नाताळच्या पूर्वसंध्येला दहा वाजेपर्यंत कढईसमोर बसलेली माय मध्यरात्रीच्या मिस्सेत प्रवचनाच्या वेळी डुलकी घेते, हे दृश्य आपल्या प्रत्येक धर्मग्रामाच्या ओळखीचे आहे. आपल्या किती कथांत ते आले आहे?

भाजण्याचीही तीच गोष्ट. 'नाताळचे भाजणे' म्हटले की आपल्या लेखकाला ओव्हनखेरीज काही सुचत नाही. प्रत्यक्षात वऱ्हाडातील मध्यमवर्गीय घरांतही ओव्हन अलीकडचा. त्याच्या आधी, आणि कित्येक घरांत अजूनही, केक होतो तो जाड बुडाच्या पातेल्यात वाळू तापवून, नाही तर शिट्टी काढून ठेवलेल्या कुकरमध्ये. चूल असेल तर झाकणावर निखारे ठेवून वरूनही आच द्यावयाची. नानकटाईची तऱ्हा आणखी वेगळी. मैदा, पिठीसाखर, तूप किंवा डालडा हे सामान आणि रिकामा पत्र्याचा डबा घेऊन बेकरीवर जावयाचे. पावाचा घाणा निघाल्यावर भट्टीची आच जरा उतरली की कारागीर पीठ मळतो, गोळे मांडतो, पत्रे भट्टीत सारतो आणि किलोमागे आपली मजुरी घेतो. बेकरीवाला पुष्कळदा मुसलमान शेजारी असतो. दिवाळीत, ईदला आणि नाताळात त्याच भट्टीसमोर डब्यांची रांग लागते. आपला डबा बदलला तर जाणार नाही ना, आपलेच तूप आपल्याच नानकटाईत पडले ना, या शंका तेथे उभ्या असलेल्या प्रत्येकीच्या मनात असतात आणि एकमेकींना हसत हसत बोलूनही दाखविल्या जातात.

आणि वऱ्हाडचे सर्वांत जुने भाजणे तर ओव्हनला आणि बेकरीलाही ओळखत नाही. गव्हाच्या जाडसर पिठाचे गोळे थापून, त्यांना तेलाचा हात लावून, घडीवर घडी घालून केलेले रोडगे शेतात किंवा अंगणात गोवऱ्यांच्या विस्तवात भाजतात, राख झटकून तुपात बुडवितात आणि वांग्याच्या भाजीबरोबर, वरणाबरोबर खातात. हे काम बहुधा पुरुषमंडळी करतात. हिवाळ्यात दहा घरे एकत्र आली की रोडग्यांचा बेत ठरतो, मग निमित्त कोणतेही असो. 'माय रांधते आणि बाप बाहेरून येऊन भेटवस्तू देतो' या ठरीव चित्राला छेद देणारा हा प्रसंग आहे. कथालेखकाला याहून चांगले द्रव्य कोणते हवे? परंतु रोडगा आपल्या नाताळकथेत येत नाही. तो गावठी ठरतो.

आपल्याकडे असे का व्हावे, याचा शोध घेताना प्रथम चार्ल्स डिकन्सकडे जावे लागते, कारण या सर्व हिमवर्षावाचा उगम पुष्कळ अंशी त्याच्या 'अ ख्रिसमस कॅरल' या १८४३ सालच्या पुस्तकात आहे. मात्र मूळ पुस्तक काळजीपूर्वक वाचले तर एक चमत्कारिक गोष्ट ध्यानात येते. आपण डिकन्सकडून बर्फ घेतला, पुडिंग घेतले, कंजूष म्हाताऱ्याचे हृदयपरिवर्तन घेतले. परंतु त्याची नजर घेतली नाही. डिकन्सच्या लंडनमधील गरीब घरांत ओव्हन नव्हता. म्हणून नाताळच्या दिवशी गल्लीगल्लीतून माणसे आपले जेवण भाजून घेण्यासाठी बेकरीवाल्याकडे घेऊन जाताना तो दाखवितो. नाताळचा आत्मा त्या ताटांवर आपल्या मशालीतून सुगंध शिंपडतो. त्या काळी रविवारी अशी दुकाने बंद ठेवावीत, अशी काही धार्मिक मंडळींची मागणी होती. तिचा समाचारही डिकन्स येथेच घेतो, कारण दुकान बंद झाले तर गरिबाचे आठवड्यातील एकमेव धड जेवण जाते, हे त्याला ठाऊक आहे. बॉब क्रॅचिटच्या घरचे हंस पक्ष्याचे मांसही बेकरीतूनच भाजून येते.

क्रॅचिटबाईंचे पुडिंग तर कपडे उकळण्याच्या हंड्यात शिजते आणि त्याच्या वासात धुण्याचा वास मिसळलेला आहे, हे सांगावयास लेखक लाजत नाही. पीठ प्रमाणात पडले की नाही, या काळजीने ती बाई अस्वस्थ आहे. पुडिंग येते, सर्वजण त्याची स्तुती करतात, आणि एवढ्या मोठ्या कुटुंबाला ते अपुरे आहे, हे कोणीही उच्चारीत नाही. त्या न उच्चारण्यात त्या कुटुंबाचे सर्व प्रेम आणि सर्व दारिद्र्य एकत्र आले आहे. आता आपल्या बेकरीसमोरची डब्यांची रांग पुन्हा आठवावी. डिकन्स वाशीमला आला असता तर त्याने बर्फाचा विचारही केला नसता. तो त्या रांगेत जाऊन उभा राहिला असता. त्याच रांगेत उभे राहून, घरी परतून, आपण मात्र लंडनच्या बर्फाची कथा लिहितो. यात डिकन्सचा प्रभाव म्हणावा असे फारसे काही नाही. त्याच्या पुस्तकावरील रंगीत चित्रांचा तो प्रभाव आहे.

उष्ण मुलखातील नाताळही श्रेष्ठ साहित्याचा विषय होऊ शकतो, याचे उदाहरण अमेरिकेतच आहे. ट्रूमन कपोटी याची 'अ ख्रिसमस मेमरी' ही कथा १९५६ साली प्रसिद्ध झाली. तिचा प्रदेश अलाबामा हा अमेरिकेच्या दक्षिणेकडील कापसाचा प्रांत. काळ १९३० नंतरच्या मंदीचा. सात वर्षांचा एक मुलगा आणि साठी उलटलेली, भोळसर समजली जाणारी त्याची एक नातलग हे दोघे मिळून तीस केक करतात, एवढीच गोष्ट. लेखक त्या केकचा सगळा हिशेब देतो. वर्षभर पैसा पैसा साठवून तो जमिनीच्या फळीखाली लपविलेला आहे. झाडाखाली पडलेली कवचीची फळे वेचून आणण्यासाठी जुनी मोडकी बाबागाडी वापरली आहे. केकमध्ये घालावयाच्या दारूसाठी एका दांडग्या माणसाच्या दारी भीत भीत जावे लागते, आणि तो पैशांऐवजी एक केक मागून घेतो. केक जातात ते बहुधा क्षणिक ओळखीच्या लोकांकडे. घरातील कर्ती माणसे या दोघांना किंमत देत नाहीत, म्हणून ही देवघेव त्यांना जगाशी जोडते. कथेत उपदेशाचे एक वाक्य नाही. तरीही दान म्हणजे काय, हे तिच्याइतके स्पष्ट फार थोड्या प्रवचनांतून कळते. याचे कारण लेखकाने केकची किंमत सांगितली, हे आहे. किंमत ठाऊक नसली तर देणे मोठे की लहान, हे वाचकाने कसे ठरवावे?

येथवर परदेशी लेखकांची साक्ष झाली. परंतु आपल्या मराठी ख्रिस्ती साहित्यातच याहून जवळचा आणि अधिक अवघड धडा आहे. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून क्रमाने प्रसिद्ध झाली. लक्ष्मीबाई प्रॉटेस्टंट, पण मराठी भाषेत लिहिणाऱ्या प्रत्येक ख्रिस्ती माणसाची ती वडिलार्जित मिळकत आहे. या पुस्तकाची थोरवी अनेकांनी सांगितली. त्यातील विनोद, साधेपणा, रेव्हरंड टिळकांचे तऱ्हेवाईक मोठेपण यांविषयी पुष्कळ लिहिले गेले. मात्र एक गोष्ट पुरेशी ठळक झालेली नाही. या आत्मकथेतील धर्मांतराची कहाणी बव्हंशी स्वयंपाकघरात घडते.

सोवळ्याच्या अतिरेकापायी बाहेरची प्रत्येक जिन्नस धुऊन घेणाऱ्या वडिलांच्या घरात या बाईचे बालपण गेले. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यावर ती त्यांच्यापासून काही वर्षे दूर राहिली. पुढे एकत्र आल्यावरही तिने आपले पाणी आणि आपली चूल वेगळी ठेवली. जातिभेद मानवाने केला, की देवाने, हा प्रश्न तिच्यापुढे ग्रंथांतून आला नाही. कोणाच्या हातचे पाणी प्यावे, कोणाच्या हातचे अन्न खावे, या रोजच्या अडचणीतून तो आला. तिने तो आपल्याच डोक्याने सोडविला आणि मग बंधन टाकले. १९०० साली तिचा बाप्तिस्मा झाला, तेव्हा त्याची मोठी लढाई चुलीशी आधीच होऊन गेली होती. एका गृहिणीची चूल हे ईश्वरविषयक चिंतनाचे स्थान होऊ शकते, हे मराठीत इतक्या सहजपणे कोणी दाखविले असेल तर लक्ष्मीबाईंनी. आणि त्यांचा वारसा सांगणारे आपण मात्र नाताळकथेतील आईला ओव्हनचे दार उघडण्यापलीकडे काम देत नाही!

या ठिकाणी एक बोचरा प्रश्न निर्माण होतो. लक्ष्मीबाई ज्या चुलीविषयी लिहितात ती वरच्या जातीतील चूल होती. तिच्याजवळ सोडावयास सोवळे होते. नगर, मराठवाडा आणि वऱ्हाड या पट्ट्यातील आपल्या समाजाचा मोठा भाग गावकुसाबाहेरच्या वस्तीतून आलेला आहे. त्या घरांच्या चुलीला सोडण्यासारखे काही नव्हते. लपविण्यासारखे पुष्कळ होते. शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे २०१५ साली प्रसिद्ध झालेले पुस्तक आपल्या लेखकांनी मुद्दाम वाचावे, असे सुचवावेसे वाटते. मराठवाड्यातील महार आणि मांग समाजाच्या खाद्यसंस्कृतीविषयीचे हे पुस्तक आहे. पाककृती, आठवणी आणि समाजाचा इतिहास यांची त्यात सरमिसळ आहे. वाळविलेल्या मांसाच्या चान्या, तेलावाचून केलेली कालवणे, मिळेल त्या भाजीपाल्यावर भागविलेले दिवस, यांची नोंद लेखकाने संकोच न करता केली आहे. अन्नाला 'पूर्णब्रह्म' म्हणणाऱ्या परंपरेला त्याने शीर्षकातच एक अक्षर जोडून प्रश्न विचारला आहे.

हे पुस्तक आपल्यासंबंधी नाही. तरी ते वाचताना आपल्या नाताळकथेतील केकचे एक रहस्य उलगडते. आपल्या पूर्वजांच्या ताटाची जगाने टिंगल केली. ख्रिस्ती झाल्यावर मिशनच्या शाळेत, वसतिगृहात, धर्मगुरूंच्या आणि धर्मभगिनींच्या सहवासात एक नवे ताट पाहावयास मिळाले. त्या ताटातील केकला जात नव्हती. त्याच्याकडे बोट दाखवून 'हे तुमचे खाणे' असे हिणविणारे गावात कोणी नव्हते. तेव्हा केकची ओढ ही केवळ परकीयांची नक्कल होती, असे म्हणणे अन्यायाचे होईल. तिच्यात सन्मानाची भूक होती. हे जर खरे असेल तर ही केवढी मोठी कथा आहे! पहिल्यांदा केक चाखणारी आजी, तो नातवंडांना वाटताना तिच्या मनात आलेला विचार, आणि त्याच रात्री तिने चुलीवर मुकाट्याने शिजविलेले जुन्या चवीचे कालवण. यातून आपल्या समाजाचा अर्धा इतिहास सांगता येईल. परंतु कथेत केक येतो तो जणू अनादि काळापासून आपल्या घरात होता असा. त्याच्या येण्याची कथा गाळली की त्याची चवही जाते.

कथेबरोबरच विशेषांकात पाककृतींचे पान असते. तेही वाङ्मयच आहे, आणि समीक्षकाने त्याकडे तुच्छतेने पाहू नये. कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'ने १९७० साली मराठी गृहिणीला वाटी आणि चमचा यांच्या मापात पदार्थ समजावून दिले. वाचणाऱ्या बाईच्या फडताळात काय आहे, याची जाणीव त्या लेखनात होती आणि म्हणूनच ते घरोघर पोहोचले. आपल्या नाताळ अंकातील केकची कृती मात्र पुष्कळदा कोठल्या तरी परदेशी पुस्तकातून उतरलेली असते. डझनभर अंडी, नाना तऱ्हेचा सुकामेवा आणि ओव्हनचे अंश तिच्यात दिलेले असतात. पातेल्यातील वाळू किती वेळ तापवावी, वीज गेली तर काय करावे, अंड्यांचा खर्च निम्म्यावर कसा आणावा, मावशी आणि जाऊबाई वर्षानुवर्षे ज्या युक्त्या एकमेकींना सांगतात त्या कोणत्या, यांचा उल्लेख नसतो. कृतीतही आपल्या घराला जागा नाही आणि कथेतही नाही, असे झाल्यावर मुलांचा समज काय होणार? साहित्य हे दुसऱ्यांच्या घरांविषयी असते, असाच. हा समज रुजला तर उद्याचा लेखक आपल्या धर्मग्रामातून उभा राहणार नाही. मला या साऱ्या विवेचनात खरे नुकसान दिसते ते हे.

यावर काही आक्षेप येतील. पहिला असा, की केकचा एवढा दुःस्वास का? तर दुःस्वास मुळीच नाही. पाव हा शब्द पोर्तुगिजांबरोबर आला, मिरचीही त्यांच्याबरोबर आली, आणि आज मिरचीवाचून वऱ्हाडी रस्सा संभवत नाही. गोव्यातील आपल्या बांधवांनी बेबिंका आणि नेवऱ्या एकाच ताटात सुखाने नांदविल्या आहेत. आलेली वस्तू आपली होते, फक्त ती आपली होत असताना कोणाचे हात पोळले, हे साहित्याने सांगितले पाहिजे. वाळूच्या पातेल्यातील, एका बाजूने किंचित करपलेला केक हा पूर्णपणे मराठी पदार्थ आहे. पुस्तकातला गुळगुळीत केक अद्याप तसा झालेला नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. केकच्या जागी रोडगा आणि बर्फाच्या जागी कापूस आणला म्हणजे कथा चांगली होईल काय? मुळीच नाही. तशाही कथा आता अधूनमधून दिसू लागल्या आहेत. त्यांत हुरडा, शेकोटी, गोवऱ्या, 'करून राह्यली', 'जाऊन राह्यला' अशी वऱ्हाडी बोलीची पेरणी असते. परंतु माय तशीच हसतमुख आणि निनावी असते, अनाथ मूल तसेच दाराशी असते. हा नुसता पडदा बदलणे झाले. प्रश्न वस्तूंचा नाही, त्या वस्तूंमागील माणसांच्या नात्यांचा आहे. नानकटाईचा डबा घरी आल्यावर त्यातील किती नानकट्या पाहुण्यांसाठी आणि किती मुलांसाठी, हे ठरविणारी आई. पुण्याहून चार दिवसांसाठी आलेला आणि वडिलांशी न बोलणारा मुलगा. यंदा घरात मृत्यू झाला म्हणून सणाचे काही न करणारे घर, आणि त्या घरी शेजाऱ्यांनी पोहोचविलेला फराळ. दिवाळीत हिंदू शेजारणीकडून आलेल्या ताटाची परतफेड नाताळात कशाने करावी, याचा सासू-सुनेतील वाद. यांतील प्रत्येक प्रसंगात धर्म आहे, आणि तो बोलून दाखविण्याची गरज नाही.

तिसरा आक्षेप आपल्या काही ज्येष्ठ वाचकांकडून येईल. नाताळ हा प्रभूच्या जन्माचा सोहळा आहे, त्यात पिठामिठाच्या गोष्टी कशाला? याचे उत्तर शुभवर्तमानातच आहे. ज्या गावी प्रभूचा जन्म झाला त्या बेथलेहेमच्या नावाचा अर्थ 'भाकरीचे घर' असा आहे. गव्हाणीचा प्रसंग आपल्याला सांगतो तो संत लूक. मध्यरात्री पाहुणा आला म्हणून शेजाऱ्याचे दार ठोठावून तीन भाकरी मागणारा माणूस, हरवलेल्या नाण्यासाठी दिवा लावून घर झाडणारी बाई, आणि कामाच्या धबडग्यात कुरकुर करणारी मार्था हीदेखील त्याच्याच शुभवर्तमानात आहेत. तीन मापे पिठात खमीर कालविणाऱ्या स्त्रीची उपमा प्रभूने स्वर्गाच्या राज्याला दिली. अशी उपमा कोणाला सुचते? ज्याने नाझरेथच्या घरात आईला पीठ मळताना, झाकून ठेवताना आणि ते फुगण्याची वाट पाहताना जवळून पाहिले त्याला. नाझरेथमधील त्या दीर्घ वर्षांविषयी शुभवर्तमाने जवळजवळ मौन पाळतात. परंतु दाखल्यांतील तपशील त्या वर्षांची साक्ष देतात. नाताळनंतरच्या रविवारी आपण पवित्र कुटुंबाचा सण पाळतो तो याच साध्या घरगुती दिवसांचा सण आहे. त्या सणाची म्हणावी अशी कथा आपल्या विशेषांकांत क्वचितच सापडते.

तेव्हा संपादकांना आणि लेखकांना विनंती एवढीच, की येत्या नाताळकथेची निवड करताना तिला दोन-तीन अगदी साधे प्रश्न विचारावेत. या घरात पीठ कोठून आले? चुलीशी कोण बसले आहे, तिचे नाव काय, आणि आज तिने दिवसभर आणखी काय काम केले? जे शिजले ते सर्वांना पुरले काय, आणि पुरले नसेल तर कोणी कमी घेतले? ज्या कथेला यांची उत्तरे देता येतील ती बर्फावाचूनही नाताळची कथा होईल. वाशीमच्या एखाद्या शाळेतील मुलगी ती वाचील, अंक बाजूला ठेवील आणि कढईपाशी बसलेल्या मायकडे थोडे निराळ्या नजरेने पाहील. मग कदाचित पुढच्या वर्षीची कथा तीच लिहील.